एक वेतनी खेळाडू

खेळ हा खेळासाठीच खेळावा, त्यातून द्रव्यप्राप्तीची अपेक्षा धरू नये, असा उपदेश आपल्या शाळांतून फार पूर्वीपासून होत आला आहे. आम्हांसही आमच्या गुरुजनांनी तो केला आणि आम्हीही वर्गावर्गांतून तो पुढे पोहोचविला. उपदेश उदात्त आहे यात संशय नाही. परंतु त्याच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे, व तो सहसा कोणी विचारीत नाही. केवळ आनंदासाठी खेळावयास ज्याला सवड मिळते, त्याच्या घरी संध्याकाळची चूल कोणाच्या श्रमाने पेटते? ज्याच्या घरची चूल त्याच्याच हातांवर अवलंबून असते, त्याने खेळूच नये काय?

याच्या उलट दुसरे टोक आज आमच्या विद्यार्थ्यांपुढे आहे. २००८ साली आयपीएल सामने सुरू झाले, तेव्हापासून खेळाडूंचे लिलाव होतात आणि कोणाची बोली किती कोटींवर गेली हे आठवीच्या मुलालाही पाढ्यासारखे पाठ असते. एकेकाळी पैशासाठी खेळणाऱ्यास ‘भाडोत्री’ म्हणून नाक मुरडीत. आज त्याच पैशावरून खेळाडूची थोरवी मोजतात. या दोन टोकांच्या मध्ये, अगदी आरंभीच्या काळी ज्यांनी वेतन घेऊन मैदानावर पाय ठेवला, ती माणसे मात्र विस्मृतीत गेली आहेत. त्यांपैकी एकाचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे. हे गृहस्थ म्हणजे बाळू पालवणकर.

त्यांच्याकडे वळण्यापूर्वी वाचकांस क्षणभर सातासमुद्रापलीकडे न्यावेसे वाटते. अमेरिकेत बेसबॉल हा खेळ आपल्याकडील क्रिकेटाइतकाच लोकप्रिय आहे. तेथे १८६९ साली सिनसिनाटी शहरच्या ‘रेड स्टॉकिंग्ज’ या संघाने आपले सर्व खेळाडू उघडपणे पगारी असल्याचे जाहीर केले, व त्या वर्षी तो संघ एकही सामना हरला नाही. त्या संघात दुसऱ्या व तिसऱ्या ठाण्यांच्या मधली, म्हणजे ‘शॉर्टस्टॉप’ची जागा सांभाळणारा जॉर्ज राइट हा सर्वांत जास्त वेतनाचा गडी होता. एका हंगामाचे त्याला १४०० डॉलर मिळत. मौजेची गोष्ट अशी की, त्याचे वडील सॅम्युअल राइट हे इंग्लंडातून न्यूयॉर्कला गेलेले पगारी क्रिकेटपटू होते. म्हणजे पैसे घेऊन खेळणे हा त्या घराचा वडिलोपार्जित व्यवसायच झाला होता. जॉर्जने पुढे खेळाच्या सामानाची पेढी काढली, नावलौकिक मिळविला, आणि १९३७ साली त्याचे नाव बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात कोरले गेले. वेतन घेतले म्हणून त्याची मान कोठे खाली झाली नाही.

आता पुण्याकडे येऊ. बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. बालपण पुण्यास गेले. पुण्याच्या लष्करी वस्तीत गोऱ्या अंमलदारांचे क्रिकेट नित्य चाले, व त्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन आसपासची मुले तो खेळ शिकत. बाळूंची पहिली नोकरी पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात लागली. काम काय, तर खेळपट्टी झाडावयाची, तिच्यावर रूळ फिरवावयाचा आणि कधी सभासदांस सरावासाठी चार चेंडू टाकावयाचे. वेतन दरमहा ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते यूरोपियन लोकांच्या पूना क्लबात आले. तेथे वेतन ४ रुपये झाले आणि कामेही वाढली. जाळी बांधणे, खेळपट्टी आखणे, टेनिसच्या जागेवर चुन्याच्या रेघा ओढणे, हे सर्व करून शिवाय साहेबांना गोलंदाजी करावयाची. डाव्या हाताने संथ, फिरता चेंडू टाकणारा हा सोळासतरा वर्षांचा मुलगा पाहता पाहता त्या क्लबातील उत्तमोत्तम फलंदाजांस भारी होऊ लागला.

त्या फलंदाजांत कॅप्टन ग्रेग हे प्रमुख होते. हे इंग्लंडात हॅम्पशायर परगण्यातर्फे खेळलेले नामांकित खेळाडू. पुढे उतारवयात त्यांनी तलवार ठेवून कॅथलिक धर्मगुरूची वस्त्रे धारण केली. हे साहेब इतरांच्या तासभर आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपणास बाद केल्यास दर वेळी ते बाळूंच्या हातावर आठ आणे ठेवीत, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी धरून आम्ही एकदा वर्गात हिशेब घातला. ४ रुपयांचे आणे ६४. म्हणजे ग्रेगसाहेबांना आठ वेळा बाद केले की एक महिन्याचा पगार होतो. गणित ऐकून मुले हसली. परंतु जो मुलगा हजारो चेंडू टाकीत होता, त्याच्या हातात पूना क्लबातील त्या सर्व वर्षांत सरावासाठी एकदाही बॅट देण्यात आली नाही, हे सांगितले तेव्हा वर्ग गप्प झाला. फलंदाजी करणे हे मालकांचे काम, आणि चेंडू टाकणे हे नोकराचे, अशी ती वाटणी होती. आम्हांस वाटते, ‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ या दोन शब्दांतील खरा भेद येथे जेवढा स्पष्ट दिसतो तेवढा कोणत्याही कोशात दिसणार नाही.

पुण्यातील हिंदू मंडळींनी आपला क्लब काढून यूरोपियनांशी सामना करण्याचे ठरविले, तेव्हा मोठा पेच उत्पन्न झाला. गावातील उत्तम गोलंदाज तर बाळू, आणि जात तर अस्पृश्य मानलेली. काही सभासदांस ते हवे होते, काहींस नको होते. अखेर जिंकण्याची इच्छा प्रबळ ठरली व बाळूंस संघात घेण्यात आले. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावयाचा, त्याला विटाळ नाही. परंतु चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसून कपातून चहा घेणार, आणि बाळूंना बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या पेल्यातून. त्यांचे पान वेगळे मांडले जाई. तोंड धुण्यास पाणी देण्यासाठीदेखील त्यांच्याच सारखा अस्पृश्य मानलेला नोकर लागे. साताऱ्याच्या यूरोपियन जिमखान्याविरुद्ध त्यांनी सात गडी बाद करून सामना जिंकून दिला, तेव्हा त्यांचा गौरव झाला. न्यायमूर्ती रानडे यांनी तर उघड प्रश्न घातला की, ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत ती कोणती? प्रश्न रास्त होता. मात्र त्याचे उत्तर लगेच कोणी दिले नाही.

त्या मातीच्या पेल्याविषयी आम्हांस त्रयस्थपणे लिहिता येत नाही. आमचे आजोबा गोदाकाठच्या एका खेड्यात वाढले. तेथील चहाच्या दुकानाबाहेर वळचणीला कान मोडलेली एक कपबशी खोचून ठेवलेली असे. आजोबांनी ती आपल्या हाताने काढावयाची, वरून ओतलेला चहा प्यावयाचा आणि विसळून पुन्हा तेथेच ठेवावयाची. त्यांच्या वडिलांनी मिशनच्या मंडळीत बाप्तिस्मा घेऊन बरीच वर्षे लोटली होती. धर्म बदलला, पण कपबशी बदलली नाही. आणि खरे सांगावयाचे तर प्रभूच्या मेजाभोवती एकत्र येणाऱ्या मंडळ्यांतसुद्धा कोण कोणत्या घराण्यातून आला ही चौकशी लग्नाच्या वेळी हळूच होत असे, असे आजोबाच सांगत. म्हणून बाळूंच्या त्या पेल्याची हकीकत वाचताना आम्ही दुसऱ्यांच्या दोषांवर बोट ठेवून मोकळे होऊ शकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा बाळू मुंबईस आले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांस, काही सभासदांचा विरोध पत्करून, आपल्या संघात घेतले. पोटासाठी त्यांनी रेल्वेत नोकरी धरली व तिच्या संघातूनही ते खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईस हिंदू विरुद्ध यूरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी दोन डावांत २४२ आणि १६० धावा केल्या. यूरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. १०९ धावांच्या या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता, आणि त्यांचे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. राज्यकर्त्यांस त्यांच्याच खेळात हरविता येते, ही गोष्ट त्या दिवशी हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिली. ज्याच्या हातून ती घडली तो कालपर्यंत चार रुपयांवर रूळ फिरवीत होता.

१९११ साली अखिल भारतीय म्हणविणारा पहिला संघ इंग्लंडास गेला. कर्णधार पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदर सिंग. संघात राजा होता, पारशी, मुसलमान, हिंदू होते, आणि बाळू व शिवराम हे दोघे पालवणकर बंधूही होते. त्या संघाची एकंदर कामगिरी सामान्यच झाली. २३ सामन्यांपैकी १५ तो हरला. परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले, व प्रत्येक गड्यामागे सरासरी १९ हून कमी धावा दिल्या. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी १०३ धावांत ८ गडी बाद केले. या आकड्यांचे मोल समजण्यास थोडा खुलासा हवा. संथ फिरकी टाकणाऱ्यास ओलसर, मग उन्हाने सुकत जाणारी जमीन अनुकूल असते. तेथे चेंडू जमिनीस चिकटून अधिक वळतो. १९११ चा इंग्लंडातील उन्हाळा तर विशेष कडक आणि कोरडा होता. अशा कठीण जमिनीवर, पस्तिसाव्या वर्षी, परक्या हवेत हे काम त्यांनी केले. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी शतक झळकाविले आणि तो सामना संघाने जिंकला.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या समारंभात भीमराव आंबेडकर नावाच्या एका तरुणाचाही भाग होता. पुढे याच तरुणाने आपल्या नगरात, आज छत्रपती संभाजीनगर आणि पूर्वी औरंगाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहरात, १९५० साली मिलिंद महाविद्यालय स्थापन करून मराठवाड्यातील हजारो मुलांस उच्च शिक्षणाची वाट मोकळी केली. नागसेनवनावरून जाता-येता आम्हांस कधीकधी वाटते की, ज्या काळी दलित मुलांपुढे अभिमानाने दाखवावीत अशी नावे फार थोडी होती, त्या काळी बाळूंचे नाव त्यांच्या ओठांवर होते. मात्र या दोघांचे पुढे पटले नाही. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर त्यांची मते भिन्न झाली, आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाळू हे काँग्रेसतर्फे आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. आंबेडकरांस १३,२४५ आणि बाळूंस ११,२२५ मते पडली. विद्यार्थ्यांनी यावरून एकास खरा व दुसऱ्यास खोटा ठरविण्याची घाई करू नये. एकाच जाचातून निघालेली दोन प्रामाणिक माणसे निरनिराळ्या वाटांनी जाऊ शकतात.

आता या चरित्रातील जो भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे येतो. इतके यश मिळूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंस कधीही देण्यात आले नाही. वर्षामागून वर्षे गेली, त्यांच्यापेक्षा कमी अनुभवाची माणसे पुढे झाली. चेंडू त्यांच्या हाती द्यावयास कोणाची हरकत नव्हती. संघ त्यांच्या हाती द्यावयास होती. १९२० साली चौरंगी सामन्यांच्या वेळी कर्णधारपदाच्या बाबतीत पालवणकर बंधूंस पुन्हा डावलण्यात आले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोघे बंधू संघातून बाहेर पडले, व आपण का बाहेर पडलो हे त्यांनी जाहीर पत्रकाने लोकांपुढे मांडले. त्यात आदळआपट नव्हती. जातीमुळे आपली योग्यता नाकारली जाते एवढेच म्हणणे होते. त्याचा परिणाम झाला. बाळूंस उपकर्णधार नेमण्यात आले, आणि सामन्यात कर्णधार पै हे मैदानाबाहेर गेले असता काही काळ त्यांनी संघ चालविलाही. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल हे हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी यूरोपियनांवर विजय मिळाला आणि प्रेक्षकांनी विठ्ठलांस खांद्यावर उचलून घेतले. हा सारा वृत्तांत पुढे विठ्ठल यांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझे क्रीडा-जीवन’ या आत्मचरित्रातून मराठी वाचकांपुढे ठेवला.

अमेरिकेतही हेच घडले होते. कृष्णवर्णीयांस तेथील मोठ्या बेसबॉल संघांचे दरवाजे साठ वर्षांच्या आसपास बंद होते. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा ब्रुकलिनच्या संघातर्फे पहिल्या ठाण्यावर उभा राहिला, तेव्हा ते उघडले. त्याला संघात घेणाऱ्यांनी त्याच्याकडून असे वचन घेतले होते की, कितीही अपमान झाला तरी आरंभी उलट उत्तर द्यावयाचे नाही. त्याने ते पाळले, आणि पुढे योग्य वेळी तो बोललाही. पालवणकरांनीही पंचवीस वर्षे आपल्या कामाने उत्तर दिले आणि मग एक दिवस शब्दांनी दिले. आम्ही शिक्षक मंडळी मुलांस पहिल्या प्रकारचे उत्तर द्यावयास मोठ्या उत्साहाने शिकवितो. दुसऱ्या प्रकारचे शिकविताना आमची जीभ अडखळते. नम्रता हा सद्गुण आहे खरा. परंतु ज्याच्याकडून नम्रतेची अपेक्षा केली जाते तो नेहमी एकाच बाजूचा असेल, तर त्या सद्गुणाच्या नावाखाली दुसरेच काही चालले आहे असे समजावे.

बाळूंच्या नंतर वेतन घेऊन खेळणाऱ्यांची वाट हळूहळू रुळत गेली. आपल्या समाजाच्या वाचकांस अभिमान वाटेल असे एक नाव येथे घेतो. विजय हजारे यांचा जन्म १९१५ साली सांगली येथे एका मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. त्यांचे वडील शाळाशिक्षक होते. बडोदे संस्थानाच्या आश्रयाने ते खेळले, आणि १९४९ साली इंग्लंडात लँकेशायरच्या एका क्लबातर्फे व्यावसायिक म्हणूनही खेळले. १९४३ च्या पंचरंगी सामन्यांत ‘इतर’ या नावाच्या, म्हणजे कोणत्याच मोठ्या गटात न बसणाऱ्यांच्या संघातून त्यांनी हिंदू संघाविरुद्ध ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने काढल्या. त्यांचे बंधू विवेक यांच्याबरोबर त्यांची ३०० धावांची भागी झाली, तीत विवेक यांच्या धावा अवघ्या २१. संघ डावाने हरला, पण दुसऱ्या टोकाला निश्चल उभ्या राहिलेल्या त्या भावाचेही आम्हांस कौतुक वाटते. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा कर्णधार हजारेच होते. एका शाळामास्तरच्या मुलाने देशाचे नेतृत्व केले, व वेतन घेतल्याबद्दल त्यांस कोणी हिणविले नाही. मधल्या काळात कोणीतरी तो रस्ता तुडवून सपाट केला होता, हे विसरता कामा नये.

बाळू पालवणकर १९५५ साली मुंबईस निवर्तले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ गडी बाद केले होते. प्रत्येकी सरासरी अवघ्या १५ धावांत. भारतास कसोटी सामन्यांचा दर्जा मिळाला तो १९३२ साली, म्हणजे त्यांचा खेळ संपून अकरा वर्षे झाल्यावर. त्यामुळे कसोटीच्या नोंदवहीत त्यांचे नाव शोधून सापडणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, आमखास मैदानावर रविवारी सकाळी एकाच वेळी दहा-बारा सामने चाललेले तुम्ही पाहिले असतील. तुमच्यापैकी पुष्कळजण तेथे खेळतही असतील. तुमच्यातील एखाद्यास उद्या खेळावर पोट भरावेसे वाटले, तर त्याने त्याची लाज बाळगू नये. पंतोजीने पगार घेतला म्हणून विद्या बाटत नाही, तसेच खेळाडूने घेतला म्हणून खेळ बाटत नाही. मात्र वेतन आणि मान या दोन निराळ्या वस्तू आहेत, एकीने दुसरीची भरपाई होत नाही, हेही त्याने ध्यानात ठेवावे. चार रुपये वेळेवर मिळत होते, म्हणून मातीच्या पेल्यातील चहा गोड झाला नाही.

आणि जे घरचे सुखवस्तू आहेत, ज्यांस हौसेखातर खेळता येते, त्यांस आमची एक सूचना आहे. सामन्याच्या आदल्या दिवशी आपल्या मैदानावर पाणी मारणारी, चुन्याच्या रेघा ओढणारी, जाळी बांधणारी माणसे असतात. त्यांची नावे तुम्हांस ठाऊक आहेत काय? येत्या वार्षिक सामन्यांपासून धावफलकावर दोन्ही संघांच्या नावांखाली ‘मैदान तयार करणारे’ अशी एक ओळ घालून त्यांची नावे लिहावीत, आणि खेळाडूंच्या चहाच्या वेळी त्यांसही त्याच मेजावर, त्याच कपांतून चहा द्यावा, असा ठराव आम्ही क्रीडा समितीपुढे मांडणार आहो. त्यास विद्यार्थ्यांनी पाठिंबा द्यावा, एवढीच विनंती.